खिडकीतला पेला

नोव्हेंबर सरत आला की फ्रान्समधल्या ल्यों शहरात बुटक्या, अंगावर उभ्या खाचा असलेल्या मेणबत्त्यांची खोकी दुकानांत मांडलेली दिसतात. जोडीला जाड काचेचे छोटे पेले, काही साधे, काही रंगीत. मेणबत्ती पेल्यात आणि पेला खिडकीबाहेरच्या कठड्यावर, एवढंच काम. मेण वितळत जातं तशी ज्योत खाली उतरते आणि काचेतून उजेड थरथरत राहतो. या पेल्याला ते ‘लुमिन्यों’ म्हणतात. आपल्या पणतीची ही लांबची बहीणच, फक्त वाऱ्याला कमी घाबरणारी.

आज जगभरच्या महापालिका शहराचा मध्यभाग रात्री उजळवायला निघतात, तेव्हा ल्योंचं नाव हटकून निघतं. ल्युमिएर बंधूंचा सिनेमाही याच गावचा, त्यांच्या आडनावाचा अर्थही ‘प्रकाश’. पण तो निव्वळ योगायोग. रोषणाईचं मूळ सापडतं ते खिडकीत.

१६४३ मध्ये प्लेगची साथ आली. गावच्या कारभाऱ्यांनी मेरीमातेला नवस केला: साथ टळू दे, दरवर्षी फुर्विएर टेकडीवर मेणबत्त्या घेऊन येऊ. पुढे १८५२ मध्ये त्याच टेकडीवर मेरीचा सोनेरी पुतळा बसवायचं ठरलं. मुहूर्त ८ सप्टेंबरचा होता, पण सोन नदीला पूर आला आणि तारीख गेली ८ डिसेंबरवर. त्या दिवशी नेमकं वादळ. टेकडीवरून बंगाली आतषबाजी करायची होती (हो, फ्रेंचमध्ये तिला ‘बंगालची आग’च म्हणतात), पण समारंभ पुढे ढकलायची भाषा सुरू झाली. संध्याकाळी आभाळ मोकळं झालं आणि लोकांनी आपापल्या खिडक्यांत दिवे लावले. दरसाल ८ डिसेंबरला दिवे लावायची रीत तिथून पडली.

पुढचं मोठं वळण १९८९ चं. मिशेल न्वार महापौर झाले आणि शहराने ‘प्रकाश आराखडा’ हाती घेतला. तोवर रस्त्यावरचा दिवा गाडीवाल्यासाठी आणि चोराच्या भीतीपोटी. आता नदीकाठ, पूल, जुन्या इमारती यांचा रात्रीचा चेहरा ठरवायचं काम निघालं. यातली खरी कारागिरी दिवा लपवण्यात आहे. समोरून झोत मारला की दगडी भिंत पुठ्ठ्यासारखी सपाट दिसते. तोच दिवा पायथ्याशी, भिंतीला लगटून ठेवला की प्रत्येक कोनाडा, प्रत्येक कंगोरा सावलीसकट उठून येतो. तेरो चौकात तर १९९४ मध्ये दानिएल ब्युरेन यांनी फरसबंदीतूनच ६९ कारंजी काढली, खालून उजळलेली.

१९९९ पासून एका रात्रीच्या दिव्यांचा चार दिवसांचा उत्सव झाला. दर्शनी भिंतींवर चित्रं नाचू लागली, पर्यटकांची रीघ लागली. मला विचाराल तर त्या झगमगाटात खिडकीतला पेला जरा अंग चोरून बसला.

नोव्हेंबर २०१५ मध्ये पॅरिसमध्ये दहशतवादी हल्ले झाले आणि ल्योंचा त्या वर्षीचा उत्सव रद्द झाला. गर्दी खेचणारे देखावे गुंडाळले गेले. नगरपालिकेने गावकऱ्यांना एवढंच सांगितलं: मृतांच्या आठवणीसाठी ८ डिसेंबरला खिडकीत लुमिन्यों लावा.