किल्ल्याच्या भिंतीवरची खाच बघून शहराचा पक्ष ओळखता येतो का?

मॉस्कोच्या रेड स्क्वेअरवरची परेड टीव्हीवर दाखवतात, तेव्हा रणगाड्यांच्या मागे क्रेमलिनची लाल भिंत दिसते. पुढच्या वेळी त्या भिंतीचा माथा नीट बघा. ओळीने उभ्या असलेल्या प्रत्येक टोकाला वरून मधोमध खाच आहे, साधारण इंग्रजी एम अक्षरासारखी. आता इटलीतल्या व्हेरोनाच्या किल्ल्याचा फोटो शोधा. तिथंही तेच. मिलानच्या किल्ल्यावरही तेच.

गड फिरणाऱ्यांना तटावरच्या या भागाचं मराठी नाव माहीत असेल: चर्या. आपल्याकडे त्या बऱ्याचदा पाकळीच्या आकाराच्या असतात. इटलीत दोन प्रकार जास्त दिसतात. एक सरळ चौकोनी, आणि दुसरा हा खाचवाला. इटालियन लोक त्याला भिंगरी पक्ष्याची शेपटी म्हणतात, कारण भिंगरीची शेपटी अशीच दुभंगलेली असते.

इटलीच्या ट्रिपचे रील्स बघत असाल तर पुढचं वाक्य तुम्ही ऐकलेलं असणार. चौकोनी चर्या दिसल्या की शहर पोपच्या बाजूचं, शेपटीवाल्या दिसल्या की सम्राटाच्या बाजूचं. गाइड हेच सांगतात. खुद्द इटालियन भाषेतही या दोन प्रकारांना अनुक्रमे ग्वेल्फ आणि गिबेलिन चर्या असंच म्हणतात.

ही नावं आली जर्मनीतून. तिथं सत्तेसाठी भांडणारी दोन घराणी होती. एक वेल्फ, दुसरं होहेनश्टाउफन. दुसऱ्याच्या ताब्यात वायब्लिंगन नावाचं ठिकाण होतं. इटालियन जिभेवर वेल्फचं झालं ग्वेल्फ आणि वायब्लिंगनचं झालं गिबेलिन. होहेनश्टाउफन सम्राट फ्रेडरिक बार्बारोसाला उत्तर इटलीतली श्रीमंत शहरं आपल्या हुकमाखाली हवी होती. शहरांनी ११६७ साली लोम्बार्ड लीग नावाची आघाडी केली, पोपने पाठिंबा दिला, आणि ११७६ साली लेन्यानोच्या लढाईत सम्राट हरला. पुढे त्याचा नातू फ्रेडरिक दुसरा याच्या काळात हा वाद टोकाला गेला आणि पोपवाले ते ग्वेल्फ, सम्राटवाले ते गिबेलिन, हे शिक्के पक्के बसले.

पण पोप रोममध्ये, सम्राट आल्प्सच्या पलीकडे. खरं भांडण गल्लीतलं होतं. फ्लॉरेन्स ग्वेल्फ, म्हणून शेजारची सिएना गिबेलिन. शहराच्या आतही एका घराण्याने एक बाजू धरली की त्यांचे वैरी दुसरी धरत. १२६० साली मोंतापेर्तीला सिएना आणि तिच्या मित्रांनी फ्लॉरेन्सच्या ग्वेल्फांचा धुव्वा उडवला. विजयी गिबेलिनांनी फ्लॉरेन्समध्ये शिरून विरोधकांची घरं आणि मनोरे पाडले. सहा वर्षांत पारडं फिरलं, बेनेव्हेंतोच्या लढाईत फ्रेडरिकचा मुलगा मानफ्रेड मारला गेला. ग्वेल्फ परतले आणि त्यांनी पाडापाडीची सविस्तर नुकसानयादीच तयार केली.

एवढं वैर होतं, मग त्याची खूण भिंतीवर उमटली असेल असं वाटणं साहजिक आहे. शिवाय खुणा बदलण्याची त्यांना हौसही होती. फ्लॉरेन्सचं जुनं निशाण म्हणजे लाल कापडावर पांढरं लिलीचं फूल. १२५१ च्या सुमारास गिबेलिनांना हाकलल्यावर ग्वेल्फांनी रंगच उलटे केले: पांढऱ्यावर लाल. तेच आजही शहराचं चिन्ह आहे.

चर्यांचा नियम मात्र त्याच शहराच्या मुख्य चौकात अडखळतो. पलात्सो वेक्क्यो, म्हणजे फ्लॉरेन्सचा नगरवाडा, १२९९ मध्ये बांधायला घेतला. तेव्हा शहर पक्कं ग्वेल्फ होतं. शेजारचा मोकळा चौक तयार झाला तोच मुळी उबेर्ती या गिबेलिन घराण्याची घरं जमीनदोस्त करून. असं म्हणतात की त्या ‘देशद्रोह्यां’च्या जागेवर नगरवाड्याचा पाया पडू नये म्हणून इमारत थोडी तिरकी बसवली. इतका राग! आणि तरी मान वर करून बघा. इमारतीच्या माथ्यावर चौकोनी चर्या आहेत, पण तिच्यातूनच वर गेलेल्या मनोऱ्याच्या टोकावर शेपटीवाल्या. एकाच सरकारची एकच इमारत, दोन्ही ‘पक्ष’ अंगावर.

व्हेरोना नियमाला धरून आहे असं वाटतं. तिथले स्काला घराण्याचे राजे खरोखरच सम्राटाचे प्रतिनिधी होते. फ्लॉरेन्समधून हद्दपार झालेल्या दान्तेला आसरा देणारा कानग्रांदे याच घराण्यातला. (दान्ते स्वतः ग्वेल्फ. ग्वेल्फ जिंकल्यावर आपसात फुटले, काळे आणि गोरे. दान्ते गोऱ्यांतला, म्हणून १३०२ मध्ये घालवून दिलेला.) पण व्हेरोनाचा तो प्रसिद्ध कास्तेलवेक्क्यो किल्ला बांधला १३५४ ते १३५६ मध्ये. फ्रेडरिक दुसऱ्याला मरून तेव्हा शंभर वर्षं झाली होती. आणि बांधणाऱ्या कानग्रांदे दुसऱ्याला भीती होती ती पोपची नाही, आपल्याच शहराची आणि भाऊबंदांची. १३५९ साली सख्ख्या भावानेच त्याचा खून केला.

मग खाच कशासाठी? दोन चर्यांच्या मधल्या फटीतून मारा करायचा आणि चर्येआड लपायचं, हे काम दोन्ही प्रकार सारखंच करतात. खाचेत धनुष्य टेकवायचे असंही सांगतात, पण बऱ्याच ठिकाणी ती खाच माणसाच्या डोक्याच्याही वर आहे. प्रदेशाची पद्धत, गवंड्यांची सवय आणि दिसण्याची हौस हे कारण मला जास्त पटतं. उत्तर इटलीच्या विटांच्या किल्ल्यांवर हा आकार जागोजागी दिसतो.

क्रेमलिनची गोष्ट नेमकी इथंच जुळते. १४८५ ते १४९५ च्या दरम्यान मॉस्कोचा इव्हान तिसरा याने विटांचे हे तट बांधायला इटलीहून माणसं आणली. त्यांतला एक मिलानचा प्येत्रो अंतोनियो सोलारी. स्पास्काया दरवाज्यावरच्या १४९१ च्या लॅटिन शिलालेखात त्याचं नाव आहे. त्याने घरी बघितलेला आकार इथं उभा केला. इव्हानला पोप-सम्राटाच्या भांडणाशी काही देणंघेणं नव्हतं. उलट त्याची बायको सोफिया रोममध्ये पोपच्या आश्रयाखाली वाढलेली. नियमच लावायचा तर भिंतीवर चौकोनी चर्या हव्या होत्या.

अजून एक गडबड. आज फोटोत दिसतात त्यातल्या बऱ्याच चर्या मध्ययुगातल्या नाहीतच. मिलानच्या किल्ल्याचा दर्शनी मनोरा १५२१ मध्ये दारूगोळ्याच्या स्फोटात उडाला. आता जो उभा आहे तो लुका बेल्त्रामी या वास्तुविशारदाने उभारलेला, १९०५ चा. कास्तेलवेक्क्योच्या चर्या १९२० च्या दशकातल्या दुरुस्तीत नव्याने चढवल्या. आणि किल्ल्याला लागून असलेला तो लाल पूल, ज्याच्यावर उभं राहून सगळे फोटो काढतात, तो एप्रिल १९४५ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने उडवून दिला होता. नदीत पडलेले दगड गोळा करून १९५१ पर्यंत तो परत बांधला, शेपट्यांसकट.