कार्निव्हलचा रस्ता कोणाचा? त्रिनिदाद आणि गोवा

गोव्याचा कार्निव्हल तुम्ही टीव्हीवर तरी पाहिला असेल. पणजीच्या रस्त्यावर चित्ररथ, मुखवटे, बँड आणि त्या सगळ्यांचा राजा 'किंग मोमो'. पोर्तुगीज काळापासून हे असेच चालत आले आहे, असा बहुतेकांचा समज असतो. प्रत्यक्षात गोवा मुक्त झाला 1961 मध्ये आणि ही मिरवणूक आजच्या रूपात सुरू झाली 1965 मध्ये. हे कोडे सोडवायचे तर आधी कॅरिबियन बेटांवर जाऊ. कॅथलिक पंचांगातला हा एकच सण तिथे अगदी उलट्या वाटेने गेला.

पंचांगाचा भाग सोपा आहे. ईस्टरपूर्वी चाळीस दिवसांचा उपवासकाळ असतो आणि तो राखेच्या बुधवारी सुरू होतो. त्याआधीचे दिवस खाण्यापिण्याचे. श्रावणाआधी आपल्याकडे गटारी का होते, हे ज्याला कळते त्याला कार्निव्हल वेगळा समजावून सांगायला नको.

त्रिनिदाद बेट स्पेनचे होते. 1783 च्या फर्मानानंतर तिथे फ्रेंच मळेवाले आले, सोबत त्यांचे आफ्रिकी गुलाम आणि कार्निव्हलही आला. मळेवाल्यांच्या मेजवान्यांत गोरे मालक शेतावरच्या गुलामांचे सोंग घेत. गुलामाला मात्र मालकाचे सोंग घेण्याची मुभा नव्हती. उसाला आग लागली की मध्यरात्री शिंगे फुंकून, चाबूक उडवत गुलामांना विझवायला हाकलत. मालक त्याचीही नक्कल करत.

1838 मध्ये गुलामगिरी पूर्णपणे संपली आणि मुक्त झालेली माणसे रस्त्यावर उतरली. मशाली, ढोल, काठ्या घेऊन त्यांनी तोच प्रसंग स्वतः उभा केला. 'जळता ऊस' या अर्थाच्या फ्रेंच शब्दांवरून त्याला 'कॅनबुले' म्हणू लागले. म्हणजे मालक गुलामाची नक्कल करत होता, आता गुलामाची लेकरे त्या नकलेचीच नक्कल करू लागली. माझ्या मते कॅरिबियन कार्निव्हलचे सगळे मर्म इथे आहे.

सरकारला ते रुचले नाही. 1881 मध्ये पोलीस कप्तान बेकर मशाली विझवायला गेला आणि पोर्ट ऑफ स्पेनमध्ये रस्त्यावर लढाई जुंपली. 1884 च्या कायद्याने ढोल, मशाली आणि काठीवाल्यांचे जथे बंद केले. त्याच वर्षी 30 ऑक्टोबरला सॅन फर्नांडो येथे मोहरमच्या मिरवणुकीवर गोळीबार झाला आणि अनेक मजूर ठार झाले. ही मिरवणूक भारतीय करारबद्ध मजुरांची होती. त्यात मुसलमानांबरोबर हिंदूही ताबूत नेत. 1845 ते 1917 या काळात सुमारे 1 लाख 43 हजार भारतीय त्रिनिदादला गेले, बहुतेक कलकत्त्याहून, काही मद्रासहून. फ्रेंचांनीही 1853 पासून तमिळ मजूर मार्टिनिक आणि ग्वादलूपला नेले. त्यासाठी कारैकाल बंदर वापरले. कुंभकोणमजवळच्या नाचियार्कोविलहून ते फार लांब नाही. त्रिनिदादमध्ये या मजुरांचे वाद्य आजही 'ताशा'च आहे आणि झांजेला झांजच म्हणतात. मातीच्या भांड्यावर बकऱ्याचे कातडे ताणून ते विस्तवावर तापवतात.

ढोल गेले तेव्हा लोकांनी वेगवेगळ्या लांबीचे बांबू जमिनीवर आपटून ताल धरला. पुढे बिस्किटांचे डबे, मोटारींचे सुटे भाग आणि शेवटी खनिज तेलाचे पिंप आले. मी अभियांत्रिकी शिकवतो, म्हणून इथे थोडा रेंगाळतो. पिंपाचा तळ हातोडीने ठोकून वाडग्यासारखा खोल करायचा, त्यावर छोटे-मोठे भाग आखायचे, पत्रा तापवायचा आणि पुन्हा ठोकून सूर लावायचा. भाग लहान तितका स्वर उंच. हे घडवणाऱ्यांत एली मॅनेटचे नाव अग्रभागी घेतात. पोर्ट ऑफ स्पेनच्या गरीब वस्त्यांत, बंदी घातलेल्या ढोलाच्या जागी, विसाव्या शतकातले एक नवे वाद्य जन्माला आले. 1951 मध्ये ते घेऊन एक पथक लंडनला गेले.

लंडनला माणसेही जातच होती. 1958 मध्ये नॉटिंग हिलला कृष्णवर्णीयांवर हल्ले झाले. त्यानंतर त्रिनिदादच्या क्लॉडिया जोन्स यांनी 30 जानेवारी 1959 ला सेंट पँक्रस टाउन हॉलमध्ये कार्निव्हल भरवला, कडाक्याच्या थंडीमुळे छताखाली. 1966 मध्ये नॉटिंग हिलला उत्सव रस्त्यावर आला. त्याची तारीख लक्षात घ्या: ऑगस्टची अखेर. टोरांटोचाही उन्हाळ्यात, ब्रुकलिनचा सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी. उपवासाशी नाते तुटले, रस्त्याशी राहिले. रस्त्यासाठीचे भांडणही राहिले. 1976 मध्ये नॉटिंग हिलला पोलीस आणि तरुण पुन्हा भिडले.

आता गोवा. इथे तारीख अजून उपवासाआधीचीच आहे, पण मालक बदलला. जुन्या 'इंत्रूज'मध्ये गावोगाव पिठाच्या आणि रंगाच्या पुड्या एकमेकांवर फेकत, आपल्या रंगपंचमीसारख्या. सासष्टीत कोकणी 'खेळ' करणारे जथे अंगणाअंगणांत जाऊन छोटी नाटुकली करत, पुरुषच बायकांची कामे करत, आणि त्यात भाटकारांची टरही उडवली जाई. पणजीची मिरवणूक 1965 मध्ये टिमोटिओ फर्नांडिस यांच्या पुढाकाराने उभी राहिली. पुढे ती पर्यटन खात्याच्या आश्रयाला गेली, चित्ररथांवर जाहिराती आल्या. चर्चने आणि महिला संघटनांनी त्यावर टीका केली आहे. त्रिनिदादमध्ये सरकार ज्याच्यावर लाठी घेऊन धावले, ते इथे सरकारच पर्यटकांसाठी भरवते. शिगम्याचेही तसेच चित्ररथ झाले आहेत, हेही जाता जाता नोंदवून ठेवा.

दुसरा कार्निव्हल मात्र संपलेला नाही. चांदोरला कार्निव्हलच्या सोमवारी ख्रिस्ती चार्डो समाजातले पुरुष घुमटाच्या तालावर मुसळे आपटत घरोघरी 'मुसळ खेळ' खेळतात. विजयनगरच्या हरिहराने चोळांवर मिळवलेल्या विजयाचा हा खेळ, अशी आख्यायिका आहे. ती शब्दशः खरी मानता येत नाही, कारण चोळांची सत्ता 1279 च्या सुमारास संपली आणि विजयनगर 1336 चे. तरी कावेरीकाठच्या राजांचे नाव गोव्यातल्या ख्रिस्ती खेळात टिकून राहिले आहे, आणि तो खेळायला किंग मोमो लागत नाही.