पाच ‘योग्य’ आणि पाच पायऱ्या : औषध देण्याच्या शिस्तीची कुळकथा

रुग्णाला औषध देण्यापूर्वी रुग्ण योग्य आहे का, औषध योग्य आहे का, मात्रा, मार्ग आणि वेळ योग्य आहे का, या पाच गोष्टी पडताळून पाहाव्यात, ही शिकवण परिचर्येच्या शिक्षणात अगदी आरंभी दिली जाते आणि महाराष्ट्रातील नर्सिंगच्या विद्यार्थिनी तिला ‘फाइव्ह राइट्स’ याच नावाने ओळखतात. येथे मार्ग म्हणजे औषध शरीरात शिरण्याची वाट : तोंडावाटे, शिरेतून, स्नायूत, त्वचेखाली किंवा अन्य. याच शिक्षणक्रमात ‘नर्सिंग प्रोसेस’ म्हणजे परिचर्या प्रक्रियाही शिकवली जाते, आणि तिच्याही पाच पायऱ्या असतात : रुग्णाची पाहणी, तिच्यावरून परिचर्येच्या दृष्टीने केलेले निदान, नियोजन, अंमलबजावणी आणि शेवटी परिणामाचे मूल्यमापन. या दोन शिकवणी एकाच पुस्तकात शेजारी शेजारी नांदत असल्या तरी त्यांचे कूळ एक नाही. पहिली जन्मली ती हातून चूक होऊ नये या काळजीतून. दुसरी जन्मली ती परिचारिकेचे काम केवळ आज्ञापालनाचे नसून विचाराचे आहे, हे सिद्ध करण्याच्या गरजेतून. औषधांच्या बाबतीत या दोहोंची फारकत जितका काळ टिकली, तितका काळ रुग्णाची सुरक्षितता एकट्या परिचारिकेच्या स्मरणशक्तीवर आणि दक्षतेवर टांगून राहिली, असे या इतिहासाकडे पाहता म्हणावे लागते.

औषध देणाऱ्या व्यक्तीच्या गुणांचा विचार भारतीय परंपरेत फार जुना आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील नवव्या अध्यायात चिकित्सेचे चार पाद सांगितले असून त्यांत वैद्य, औषधद्रव्य आणि रुग्ण यांच्या बरोबरीने परिचारकाला स्थान दिले आहे, आणि उपचारांचे ज्ञान, दक्षता, रुग्णाविषयी अनुराग व शुचिता हे त्याचे चार गुण मानले आहेत. औषध केव्हा घ्यावे याचाही शास्त्रात स्वतंत्र विचार आहे. सुश्रुताने औषध देण्याचे दहा काळ सांगितले, तर शार्ङ्गधराने पाच. या ग्रंथांपासून आजच्या रुग्णालयीन शिस्तीपर्यंत थेट वंशरेषा ओढणे अनैतिहासिक ठरेल. तथापि परिचारकाच्या गुणांत उपचारांचे ज्ञान अनुरागाच्या आधी यावे, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे, कारण एकोणिसाव्या शतकातील युरोपला हा मुद्दा नव्याने पटवून द्यावा लागला.

तो पटवून देण्याचे श्रेय मुख्यत्वे फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्याकडे जाते. ‘नोट्स ऑन नर्सिंग’ हे त्यांचे पुस्तक १८५९ मध्ये निघाले आणि पुढच्याच वर्षी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांच्या नावाची प्रशिक्षण शाळा सुरू झाली. त्या पुस्तकात औषधांपेक्षा हवा, उजेड, स्वच्छता आणि आहार यांचा विचार अधिक आहे. परंतु औषध देण्याच्या शिस्तीला पुढे आधारभूत ठरलेली दोन तत्त्वे त्यात आहेत. एक, रुग्णाचे निरीक्षण ही शिकून येणारी विद्या आहे. दुसरे, परिचारिका हजर असताना जे होते ते ती हजर नसतानाही होईल अशी व्यवस्था लावणे हा तिच्या कामाचाच भाग आहे. दुसऱ्या तत्त्वाकडे त्यानंतरच्या शंभर वर्षांत पुरेसे लक्ष गेले नाही.

त्याच सुमारास औषधांचे स्वरूपही बदलत होते. १८५३ मध्ये एडिंबरोच्या अलेक्झांडर वुड यांनी पोकळ सुईच्या पिचकारीने त्वचेखाली औषध सोडण्यास सुरुवात केली आणि मॉर्फीनसारखे द्रव्य पोटात न जाता शरीरात पोहोचू लागले. तोंडावाटे घेतलेला काढा उलटून पडू शकतो, त्याचा परिणामही सावकाश होतो. सुईने दिलेले औषध मात्र परत काढून घेता येत नाही. औषध देण्याचा ‘मार्ग’ हा स्वतंत्रपणे तपासण्याचा विषय झाला तो अशा साधनांमुळे.

मात्रा आणि परिणाम यांच्या नात्याची कथा त्याहून जुनी आहे, आणि तिचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे डिजिटॅलिस. श्रॉपशायरमधील एका वृद्ध स्त्रीकडे जलोदरासारख्या सुजेवर गुणकारी असे झाडपाल्याचे औषध होते. बर्मिंगहॅमचे वैद्य विल्यम विदरिंग यांनी त्यातील परिणामकारक वनस्पती डिजिटॅलिस हीच असल्याचे ओळखले आणि दहा वर्षांच्या अनुभवानंतर १७८५ मध्ये तिच्यावर ग्रंथ लिहिला. या ग्रंथाचे महत्त्व केवळ नव्या औषधात नाही. औषध कोठवर द्यावे, याचा नियम विदरिंग यांनी रुग्णाच्या शरीरातच शोधला : मूत्रपिंड, जठर, नाडी किंवा आतडी यांपैकी कशावरही औषधाचा परिणाम दिसेपर्यंत ते द्यावे, आणि असा परिणाम दिसताच थांबवावे. म्हणजे मात्रा ही कागदावरची ठरीव संख्या न राहता, प्रत्येक वेळी रुग्णाकडे पाहून पुन्हा ठरवण्याची गोष्ट झाली. १९३० मध्ये याच वनस्पतीच्या एका जातीतून डिगॉक्सिन हे शुद्ध द्रव्य वेगळे करण्यात आले, आणि आजही प्रौढ रुग्णाला ही गोळी देण्यापूर्वी परिचारिका छातीवर स्टेथोस्कोप ठेवून पूर्ण एक मिनिट हृदयाचे ठोके मोजते. ते साठांपेक्षा कमी असल्यास सर्वसाधारणपणे गोळी रोखून डॉक्टरांना कळवले जाते. रुग्ण, औषध, मात्रा, मार्ग आणि वेळ हे पाचही ‘योग्य’ असताना औषध देणे मात्र अयोग्य ठरू शकते, हे या एका गोळीइतके स्पष्टपणे क्वचितच दुसरे काही दाखवते.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील वॉर्डात औषधे मोठ्या बाटल्यांतून, कुलूपबंद कपाटात ठेवलेली असत. डॉक्टरांचा आदेश रुग्णाच्या कागदांवरून लहान कार्डावर उतरवला जाई, ती कार्डे ट्रेमध्ये औषधाच्या कपांशेजारी मांडली जात आणि परिचारिका तो ट्रे घेऊन खाटेखाटेशी जाई. चूक टाळण्यासाठी बाटलीवरची चिठ्ठी तीनदा वाचण्याचा दंडक होता : बाटली कपाटातून काढताना, औषध ओतण्यापूर्वी आणि बाटली परत ठेवताना. पाच ‘योग्य’ रुजले ते याच व्यवस्थेत. हाताशी दुसरे कोणतेही साधन नसताना मनात धरून ठेवता येईल अशी ती पडताळणी होती, आणि तेवढ्या अर्थाने ती फार उपयोगी होती. तिचा दोष वेगळाच होता. पाचांपैकी एखादी गोष्ट चुकली की परिचारिकेने नियम पाळला नाही एवढाच निष्कर्ष निघे. एकसारख्या दिसणाऱ्या बाटल्या, घाईत उतरवलेले कार्ड, अपुरा उजेड किंवा एका परिचारिकेवर सोपवलेले असंख्य रुग्ण यांचा हिशेब कोणी मागत नसे. शिक्षेच्या भीतीने चुका लपत, आणि लपलेल्या चुकांतून कोणालाच काही शिकता येत नसे.

या लपलेल्या चुका मोजण्याचे काम फ्लॉरिडा विद्यापीठातील केनेथ बार्कर आणि वॉरेन मॅककॉनेल यांनी केले. १९६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात, औषधे दिली जात असताना निरीक्षकाने प्रत्यक्ष पाहून केलेली नोंद डॉक्टरांच्या मूळ आदेशाशी ताडून पाहण्यात आली, आणि परिचारिकांनी स्वतःहून कळवलेल्या चुकांपेक्षा प्रत्यक्षातल्या चुका कितीतरी पटींनी अधिक असल्याचे उघड झाले. हा परिचारिकांवरील ठपका नव्हता. सामान्य, प्रामाणिक माणसे अशा व्यवस्थेत किती वेळा चुकतात याचे ते मोजमाप होते. त्याच दशकात अमेरिकेतील आर्कान्सा आणि आयोवा विद्यापीठांच्या रुग्णालयांत ‘युनिट डोस’ पद्धत, म्हणजे प्रत्येक रुग्णाची प्रत्येक वेळची मात्रा औषधनिर्मात्याने आधीच वेगळी बांधून नाव-मात्रेसह वॉर्डात पाठवण्याची पद्धत, आकाराला आली. ओतणे आणि मोजणे ही कामे वॉर्डाच्या गडबडीतून औषधविभागाच्या टेबलावर गेली. व्यवस्था लावण्याविषयीचे नाइटिंगेल यांचे तत्त्व औषधांना लागू झाले ते खऱ्या अर्थाने येथे.

परिचर्या प्रक्रियेचे कूळ याच काळातले, पण दुसऱ्या घरातले. परिचर्या ही एक प्रक्रिया आहे, असा विचार अमेरिकेत लिडिया हॉल यांनी १९५५ मध्ये मांडला. १९६१ मध्ये येल विद्यापीठातील आयडा जीन ऑरलँडो यांनी परिचारिका व रुग्ण यांच्यातील संबंधावरच्या आपल्या पुस्तकात असे दाखवले, की रुग्णाच्या वागण्याचा परिचारिकेने लावलेला अर्थ हा केवळ अंदाज असतो आणि तो रुग्णाशी बोलून तपासल्याशिवाय केलेली कृती आपोआप, यांत्रिकपणे घडलेली ठरते, मग ती कितीही बिनचूक असो. गोळी नाकारणारा रुग्ण हट्टी असेल, किंवा त्याला गिळताना त्रास होत असेल, किंवा सकाळी तीच गोळी आपण घेतली आहे हे तो सांगू पाहत असेल. ठरलेल्या वेळी गोळी देणे एवढेच काम मानणाऱ्या परिचारिकेला हा फरक कळणार नाही. हेलन युरा आणि मेरी वॉल्श यांनी १९६७ मध्ये पाहणी, नियोजन, अंमलबजावणी आणि मूल्यमापन अशा चार पायऱ्या पुस्तकरूपाने मांडल्या. १९७३ मध्ये सेंट लुइस येथे परिचर्येतील निदानांच्या वर्गीकरणासाठी पहिली परिषद भरली, त्याच वर्षी अमेरिकन नर्सेस असोसिएशनने आपल्या मानकांत निदानाचा समावेश केला, आणि पायऱ्या पाच झाल्या.

हे दोन प्रवाह एकत्र येणे का आवश्यक होते, हे १९९५ मध्ये ल्युसियन लीप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बोस्टनच्या दोन रुग्णालयांतील अभ्यासातून दाखवले. हानी करणाऱ्या किंवा करू शकणाऱ्या चुकांपैकी ३९ टक्के औषध लिहून देताना झाल्या होत्या आणि जवळजवळ तितक्याच, म्हणजे ३८ टक्के, औषध देताना. मात्र लिहिण्यातल्या जवळपास निम्म्या चुका रुग्णापर्यंत पोहोचण्याआधी कोणीतरी पकडल्या, बहुधा परिचारिकेनेच. देण्यातल्या चुकांपैकी फक्त २ टक्के पकडल्या गेल्या. कारण उघड आहे. डॉक्टरांच्या मागे औषधनिर्माता आणि परिचारिका असतात. परिचारिकेच्या मागे रुग्णाखेरीज कोणी उरत नाही. शेवटच्या हाताला अधिक सावध राहण्याचा उपदेश करणे हा यावरचा उपाय होऊ शकत नाही, त्या हातामागे आणखी एक पडताळणी उभी करावी लागते.

अशा पडताळणीची कल्पना एका परिचारिकेलाच सुचली. कॅन्ससमधील टोपेका येथे माजी सैनिकांच्या रुग्णालयात काम करणाऱ्या स्यू किनिक यांनी १९९२ मध्ये भाड्याची मोटार परत करताना तेथील कर्मचारी हातातल्या यंत्राने मोटारीची नोंद क्षणात करताना पाहिला, आणि मोटारीची ओळख अशी पटवता येते तर रुग्णाची आणि औषधाची का नाही, असा प्रश्न त्यांनी उपस्थित केला. रुग्णाच्या मनगटावरील पट्टी आणि औषधाचे वेष्टन या दोहोंवरील बारकोड वाचून संगणकातील आदेशाशी जुळवण्याची पद्धत त्यांच्या रुग्णालयातून निघून पुढे देशभरच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत पसरली. २०१० मध्ये बोस्टन येथील अभ्यासात, वेळेच्या चुका वगळता, औषध देण्यातील चुकांचे प्रमाण बारकोडमुळे ११.५ टक्क्यांवरून ६.८ टक्क्यांवर आल्याचे आढळले. तरीही रॉस कोपेल व सहकाऱ्यांनी २००८ मध्ये बारकोडला वळसा घालण्याचे १५ प्रकार आणि त्यांमागची ३१ कारणे नोंदवली होती : न वाचता येणारे कोड, संपलेली बॅटरी, खाटेपर्यंत न पोहोचणारी यंत्राची गाडी, आणि या अडचणींमुळे मनगटाऐवजी दुसरीकडे चिकटवलेल्या रुग्णाच्या पट्ट्या. यंत्रही अखेर वॉर्डाच्या परिस्थितीतच काम करते.

भारतातील रुग्णालयांत, आणि महाराष्ट्रातल्या बहुसंख्य वॉर्डांतही, केसपेपरवरचा हस्तलिखित आदेश अजून महत्त्वाचा आहे. ओडी, बीडी, टीडीएस, एचएस ही लॅटिन परंपरेतून आलेली आद्याक्षरे सिस्टर आणि डॉक्टर दोघेही सहज बोलतात, परंतु लिहिताना तीच घातक ठरू शकतात. दशांश चिन्हाआधीचे शून्य गाळून लिहिलेले .२५ घाईत २५ वाचले जाते, आणि इन्सुलिनच्या ‘युनिट’साठी लिहिलेले इंग्रजी ‘यू’ हे अक्षर शून्यासारखे दिसून मात्रा दसपट होते. अमेरिकेतील जॉइंट कमिशनने २००४ मध्ये निषिद्ध ठरवलेल्या लेखनखुणांच्या यादीत या दोन्ही गोष्टी आहेत. पूर्ण शब्द लिहायला खर्च काहीच लागत नाही, म्हणून साधनांची चणचण असलेल्या रुग्णालयाला ही सुधारणा सर्वांत आधी करता येण्यासारखी आहे.

मधल्या काळात पाचांची यादी वाढत गेली. २०१० मध्ये माल्कम एलियट आणि यिसी लिऊ यांनी नऊ ‘योग्य’ मांडले, त्यांत नोंद, औषध देण्याचे कारण, औषधाचे रूप आणि प्रतिसाद या चार गोष्टींची भर होती. यांतील योग्य प्रतिसाद, म्हणजे औषधाने अपेक्षित परिणाम केला की नाही हे पाहणे, ही परिचर्या प्रक्रियेची पाचवी पायरीच आहे, आणि कारण विचारणे हा पहिल्या पायरीचा भाग. दोन कुळांचा संबंध असा यादीच्या वाटेने जुळला. वॉर्डात मात्र तो अजून अवघड आहे. जोहाना वेस्टब्रुक आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये सिडनीतील दोन रुग्णालयांत ९८ परिचारिकांचे निरीक्षण करून दाखवले, की औषध देताना येणाऱ्या प्रत्येक व्यत्ययाबरोबर कार्यपद्धतीतील त्रुटी आणि वैद्यकीय चुका, दोन्ही सुमारे १२ टक्क्यांनी वाढतात. त्यावर उपाय म्हणून ‘व्यत्यय आणू नये’ असे लिहिलेले जाकीट घालण्याचा प्रयोग झाला. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत व्यत्यय कमी झाले, पण परिचारिकांना जाकीट गैरसोयीचे वाटले आणि निम्म्याहून कमी जणींनी ते कायमचे करण्यास पाठिंबा दिला. शेजारच्या खाटेवरून आलेली हाक, नातेवाइकाने विचारलेला प्रश्न किंवा सहकारी परिचारिकेने दिलेली सूचना हे पाच ‘योग्य’ सांभाळणाऱ्या मनाला व्यत्यय असतात, पण परिचर्या प्रक्रियेच्या पहिल्या पायरीला लागणारी माहिती पुष्कळदा त्यांतूनच येते, आणि म्हणून त्यांतले काय थांबवावे व काय ऐकावे, हे ठरवायला वॉर्डात पुरेशा संख्येने परिचारिका असाव्या लागतात.