रोगण आणि शिकल : नांदेड–लातूर परिसरातील शस्त्रनिगेच्या शब्दांविषयी

लातूर जिल्ह्यातील एका जुन्या वाड्यात तोड्याच्या बंदुकीची एक नळी प्रस्तुत लेखकास दाखविण्यात आली. तिच्यावर डब्यातून फवारावयाचा काळा रंग नुकताच दिलेला होता. नळीच्या बुडाशी काही अक्षरे कोरलेली असल्याचे बोटांस जाणवत होते, परंतु रंगाच्या थरामुळे ती वाचता येत नव्हती. रंग टिकाऊ आहे ना, एवढीच घरच्यांची पृच्छा होती. वास्तविक ही पृच्छाच आधुनिक आहे. लोखंड राखण्याचा जुना विचार निराळा होता, आणि त्याची खूण शब्दांत राहिली आहे.

'रोगण' हा शब्द फार्सी 'रोगन' म्हणजे तेल किंवा तूप यावरून आला. मराठीत मात्र तो चकाकत्या लेपाचा वाचक झाला. हे अर्थांतर निष्कारण नव्हे. जवस आणि करडई यांची तेले हवेतील प्राणवायू शोषून घट्ट पापुद्रा धरतात. वायव्य सरहद्दीवर रानकरडईचे तेल दीर्घकाळ कढवून जो दाट पदार्थ करीत, त्याचेही नाव 'रोगन'च होते. करडई तर मराठवाड्याच्या काळ्या जमिनीतील परिचित रब्बी पीक होय. परंतु जो गुण नळीच्या बाह्यांगास उपकारक, तोच चापाच्या कळीत अपकारक ठरतो; वाळणारे तेल तेथे चिकटून कळ अडविते. म्हणून हलत्या भागांस न वाळणारे तेलच हवे. तेल आणि रोगण हे मुळात एकार्थी शब्द पुढे विभक्त झाले, त्यामागे पदार्थांतील हा भेद उभा आहे.

दुसरा शब्द 'शिकलगार'. याच्या मुळाशी अरबी 'सैकल' म्हणजे घासून उजळ करणे हा अर्थ आहे. शिकलगार जंग काढतो, धार लावतो, झिलई देतो. लेप देणे हे त्याच्या नावात नाही. (हा 'जंग' आणि युद्धवाचक 'जंग' फार्सीत निरनिराळ्या अक्षरांनी आरंभतात, मराठी लेखनात ते एकरूप झाले.) नांदेड येथील शीख समाजात सिकलीगरांची वस्ती आहे, हे अभ्यासकांस ज्ञात आहेच.

1760 च्या उदगीरच्या लढाईत आणि तत्पूर्वीही या मुलखात जी बंदूक चालली, तिचा खरा शत्रू नळीच्या आत होता. काळी दारू जळाल्यावर उरणारे क्षार हवेतील ओलावा ओढून घेतात. अशी नळी पाण्याने धुऊन, पूर्ण कोरडी करून तेलावावी लागते. बाहेरील कोणताही रंग येथे निरुपयोगी.

उरला पावसाळा. आश्विनातील खंडेनवमीस शस्त्रे बाहेर काढून पुसण्याची व पूजण्याची रीत आहे. नांदेडच्या तख्त सचखंड श्री हजूर साहिब येथे दिवाळीच्या सुमारास गोदावरीच्या पाण्याने शस्त्रे धुतली जातात. दोन्ही प्रसंगांचा धर्मार्थ स्वतंत्र आहे. तथापि दोन्ही पावसाळा सरताच येतात, ही गोष्ट नजरेआड करवत नाही. वर्षातून एकदा तरी शस्त्र हाताळले गेले, तर जंग खोल जाण्यापूर्वीच दिसतो.

युरोपने वेगळा मार्ग धरला. तेथे नळीवर मुद्दाम नियंत्रित जंग चढवून तपकिरी थर बसवीत. 1906 साली इंग्लंडमध्ये कॉस्लेट याने फॉस्फेटच्या थराचे पेटंट घेतले, आणि पुढे त्या थरावर भट्टीत भाजलेले काळे एनॅमल देण्याची पद्धत आली. फवाऱ्याचा रंगाचा डबा 1949 सालचा, अमेरिकेतील एडवर्ड सेमूर याचा. भाजलेले एनॅमल किंवा दोन घटकांचा एपॉक्सी यांचे रेणू परस्परांत गुंफले जातात, म्हणून ते तेलास व द्रावकास दाद देत नाहीत; साधा अ‍ॅक्रिलिक फवारा केवळ द्रावक उडून वाळतो आणि द्रावकानेच पुन्हा मऊ होतो. चालू शस्त्राच्या खरचटलेल्या बाह्यांगास पहिला प्रकार योग्य, तोही तैलांश पुसून व पृष्ठ खरवडून. नळीच्या आत किंवा घासणाऱ्या भागांवर कोणताच नव्हे.

वाड्यातील नळीवर सुदैवाने दुसऱ्या प्रकारचा, हलका रंग होता. अ‍ॅसिटोनमध्ये भिजविलेल्या कापसाने अंगठ्याएवढी जागा पुसताच एक फार्सी अंक उघडा पडला. उरलेला रंग येत्या खंडेनवमीस काढावयाचे ठरले आहे.