बालीवालातली रात्र, 8 जुलै 1921

तात्यापाऱ्यातून तुमचा टांगा निघतो तेव्हा पावसाची सर नुकतीच ओसरली आहे. रायपूर, जुलै 1921. पिशवीत दशम्या, लसणाची चटणी, एक जादा धोतर, आणि त्या धोतराच्या घडीत मुंबईच्या मामांनी पाठवलेलं तिकीट. नाटक 'मानापमान'. त्यात नवं काही नाही. दहा वर्षं ते गाजतं आहे. पण या खेळात गंधर्व नाटक मंडळी आणि ललितकलादर्श या दोन कंपन्या एकाच रंगमंचावर उतरणार आहेत. भामिनी बालगंधर्व, धैर्यधर केशवराव भोसले. उत्पन्न टिळक स्वराज्य फंडाला.

एवढ्यासाठी रायपूरहून मुंबई? घरात कुणी हा प्रश्न विचारत नाही. लोकमान्यांचं वर्षश्राद्ध अजून व्हायचं आहे. याच गावातल्या माधवराव सप्र्यांनी 'गीतारहस्य' हिंदीत आणलं, ते तुमच्या कोनाड्यात आहे. वामनराव लाख्यांनी 'रायसाहेब' ही पदवी सरकारला परत केली आणि लोक त्यांना 'लोकप्रिय' म्हणू लागले. नागपूरकर भोसल्यांच्या राज्याबरोबर इकडे आलेली मराठी घरं छत्तीसगडीत बाजारहाट करतात, पण नाटकाचा विषय निघाला की पुण्या-मुंबईकडे डोळे लावून बसतात. तुम्ही त्यांतलेच.

बंगाल नागपूर रेल्वेने नागपूर, तिथून जीआयपीने बोरीबंदर. लाकडी बाकावर अंग आंबून जातं. समोरच्या बाकावर अमरावतीचे एक वकील आणि त्यांचे मेहुणे. दोघांचा वाद इगतपुरीपर्यंत मिटत नाही. एक गंधर्वांचा, एक केशवरावांचा. असे वाद त्या काळी घराघरात आहेत. बालगंधर्व भास्करबुवा बखल्यांचे शागीर्द. गोड गळा, लयीत मुरलेलं गाणं. केशवरावांना रामकृष्णबुवा वझ्यांची तालीम. आवाज चढा, तान झडप घालणारी. लहानपणी 'शारदा' होऊन त्यांनीच महाराष्ट्राला रडवलं होतं, आणि 1908 साली हुबळीत स्वतःची कंपनी उभी केली तेव्हा ते अठराही वर्षांचे नव्हते.

ट्राममधून उतरता तेव्हा ग्रँट रोडकडच्या त्या नाटकवाल्या वस्तीत पाय ठेवायला जागा नाही. छत्र्या, घोडागाड्या, खादीच्या टोप्या, आणि तिकीट न मिळाल्यामुळे नुसतेच दाराशी थांबलेले लोक. बालीवाला थिएटरात तुमची जागा मागे आहे, खांबाच्या कडेला. हरकत नाही. माइक नाही, तो यायला अजून काही वर्षं आहेत. तरी इथे शेवटच्या बाकापर्यंत अक्षर न् अक्षर पोचवणारे गळे आहेत.

घंटा होते. ऑर्गनचा सूर भरतो, तबल्यावर थाप पडते, नांदी होते.

आता एक करा. जो गातो आहे त्याच्याकडे सगळे बघणारच; जो गात नाही त्याच्याकडे बघा. संगीत नाटकात समोरच्या पात्राला पळवाट नसते. धैर्यधराचं भीमपलासातलं पद सुरू होतं. गोविंदराव टेंब्यांनी बांधलेली चाल, पुस्तकात चार-पाच ओळी. केशवराव मुखडा घेतात, समेवर येतात आणि मग ओळ उलगडू लागते. मागून 'वन्समोअर' येतो. तेच पद पुन्हा, पण वाट दुसरी. तिसऱ्यांदा आणखी वेगळी. तबलजी मान डोलावतो, सारंगीवाला तानेच्या शेपटीला शेपूट जोडतो. नाटक थांबलेलं आहे आणि कुणालाही त्याची घाई नाही. या सगळ्या वेळात भामिनी शालूचा पदर बोटांत धरून उभी आहे. तेहतीस वर्षांचे नारायण श्रीपाद राजहंस, प्रतिस्पर्धी कंपनीचे मालक, हजारभर डोळ्यांसमोर दुसऱ्याचं गाणं ऐकताहेत. मग त्यांची पाळी येते आणि ऐकण्याची जबाबदारी केशवरावांवर पडते.

मला विचाराल तर त्या रात्रीची खरी कमाई ही होती. फंडाला पैसा मिळाला, तो हवाच होता. गांधीजींनी जूनअखेर देशाकडे एक कोटी मागितले होते. पण दोन कंपन्यांना एकत्र उभं करायला फंडासारखंच मोठं कारण लागतं. नुसत्या गल्ल्यासाठी हे दोघे एका पडद्यामागे आले असते असं मला वाटत नाही. आणि नाटक कुणाचं निवडलं? कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं, टिळकांच्या 'केसरी'त लेखणी चालवलेल्या माणसाचं. श्रीमंतीचा तोरा मिरवणारी भामिनी गरीब, शूर धैर्यधरापुढे नमते ही गोष्ट त्या वर्षी ऐकणं म्हणजे काय, हे तुमच्या शेजारचा खादीवाला टाळ्या वाजवतो त्यावरून कळतं. तीनच आठवड्यांनी, 31 जुलैला, याच शहरात परळला विलायती कापडाची होळी पेटणार आहे.

पन्नास वर्षांनी, 1 ऑगस्ट 1971 ला, न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पंडित रविशंकर आणि जॉर्ज हॅरिसन बांगलादेशच्या निर्वासितांसाठी अशीच तारांगणं गोळा करतील. अमेरिकेतल्याच अ‍ॅशव्हिल गावी गिटारवादक वॉरन हेन्स 1988 पासून नाताळच्या सुमारास एकेक नामवंत बँड बोलावून रात्र रात्र गाणी लांबवत नेईल, आणि जमलेल्या पैशातून गरजूंसाठी घरं उभी राहतील. आपल्याकडे ही रीत आधीच होती, हे अभिमानाने सांगायला हरकत नाही.

पहाटे बाहेर पडता तेव्हा रस्ता ओला आहे. अमरावतीचे वकील आणि त्यांचे मेहुणे कोपऱ्यावर चहा पिताना दिसतात. वाद चालूच आहे, फक्त वकील आता केशवरावांच्या बाजूने बोलताहेत.

त्यांना तुम्ही काही सांगू नका. केशवराव 4 ऑक्टोबर 1921 ला विषमज्वराने गेले, वयाच्या एकतिसाव्या वर्षी. कोल्हापूरच्या ज्या नाट्यगृहाला पुढे त्यांचं नाव दिलं गेलं, ते 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री, त्यांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, आगीत जळालं.

रायपूरला असा, कोल्हापूरला असा की नागपूरला, गणपतीत किंवा दिवाळीत कुणी चांगल्या कामासाठी चार गाणारे एकत्र आणले तर ओळख काढून पास मागू नका. तिकीट काढा, आणि शेवटचं पद होईपर्यंत उठू नका.