आधी पडद्याकडे पाहू

भालजी पेंढारकरांविषयी कोल्हापुरात उणं बोलायचं तर आवाज जरा खाली आणावा लागतो. अभ्यासकांच्या काही बैठकांत भलं बोलायचं असलं तरी तेच. दिग्दर्शकाचे गुणदोष कसे पारखावेत, या विषयात नव्यानं येणाऱ्या वाचकाला मी म्हणूनच भालजींच्या दारातून आत बोलावतो आहे. दार अवघड असलं तरी आपलं आहे; नृसिंहवाडीहून एसटीत बसलं की तास-दोन तासांत आपण भालजींच्या जयप्रभा स्टुडिओच्या गावात, कोल्हापुरात पोचतो.

वाद ठाऊक हवेतच. त्यांचा ‘वंदे मातरम् आश्रम’ हा चित्रपट इंग्रज सरकारला खुपला, सेन्सॉरनं त्याला कात्री लावली. गांधीहत्येनंतर १९४८च्या जाळपोळीत जयप्रभा पेटला. भालजींचा ओढा हिंदुत्वाकडे होता आणि त्यांनी तो झाकला नाही. १९९१चा फाळके पुरस्कारही त्यांना मिळाला. हे सगळं खरं, पण त्यातून त्यांचा एकही प्रसंग पडद्यावर कसा उभा राहिला ते कळत नाही. स्टुडिओ जळला म्हणून दोष शाबीत होत नाही, आणि पुरस्कार मिळाला म्हणून तो धुऊनही निघत नाही. वाडीत दर्शनाला उभं राहिलं की डोळे आपसूक मिटतात. इथं ते उघडे ठेवायचे आहेत.

‘नेताजी पालकर’ (१९३९), ‘छत्रपती शिवाजी’ (१९५२), ‘मराठा तितुका मेळवावा’ (१९६४) हे त्यांचे ऐतिहासिक चित्रपट पाहा. माणसं समोर उभी राहून बोलतात, ठासून बोलतात, आणि कॅमेरा नाटकाच्या पहिल्या रांगेतून उठायचं नाव घेत नाही. जाणकार नाक मुरडतात. खरं सांगायचं तर मीही कंटाळतो. पण जत्रेतल्या तंबूत, भुईवर बसलेल्या शेवटच्या माणसापर्यंत शब्द पोचायचा तर तो असाच फेकावा लागत असणार. कारण सापडलं म्हणून दोष माफ होत नाही. खरा प्रश्न याच्या पुढचा: ही खणखणीत वाणी मिळते कोणाला, आणि नुसता मार खायला कोण उभा असतो? शत्रूच्या तोंडी एखादं तरी शहाणं वाक्य आहे का?

अमेरिकी दिग्दर्शक ग्रिफिथच्या ‘द बर्थ ऑफ अ नेशन’नं (१९१५) जगभरच्या अभ्यासकांना याच जागी अडवलं आहे. ‘कला थोर, विचार वाईट’ अशी वाटणी तिथं चालत नाही. कू क्लक्स क्लॅन या वर्णद्वेषी संघटनेचे घोडेस्वार धावून येतात तेव्हाचा थरार त्या संकलनातूनच येतो, म्हणजे विष त्या कौशल्यातच मुरलेलं. भालजींना त्या पंगतीत बसवायचं नाही, मात्र तपासायची रीत तीच.

त्यांच्या बाजूनं माझी साक्ष ‘साधी माणसं’ची (१९६५). लोहाराचं जोडपं, ऐरण, ठिणग्या, आणि ‘आनंदघन’ या नावानं लता मंगेशकरांनी बांधलेली चाल. इथं कोणी भाषण करत नाही. घाव पडतो, हात चालतात, नवरा-बायकोचं नातं त्या कामातच दिसतं. आयुष्यभर शब्दावर भिस्त ठेवणाऱ्या दिग्दर्शकाला श्रम असे दाखवता येतात, हे मला त्यांच्या सगळ्या तलवारींपेक्षा मोठं वाटतं. गाव तेवढं सालस, शहर म्हणजे बिघाड, हा भाबडा हिशेबही याच चित्रपटात आहे.

पुढची प्रकरणं वाचण्याआधी एक करा. यातला कुठलाही चित्रपट एकदा आवाज बंद करून पाहा, आणि कोणते प्रसंग तरीही तग धरतात ते वहीत मांडा. माझी यादी शेवटच्या प्रकरणात आहे. तुमची तिच्याशी जुळायला हवी असं नाही.

नृसिंहवाडी