होडींतील सागवानी पेटी

दिवाळें, सारसोळें, वाशी या खाडीकांठच्या गांवांचा इतिहास लिहितांना वाडवडिलांच्या होडींतील पेटीचा उल्लेख कोणी करीत नाहीं; म्हणून हा अल्प प्रयत्न.

पेटीला सागच लागे. सागाच्या अंगच्या तेलामुळें त्यांत ठोकलेला खिळा लवकर गंजत नाहीं. विलायतेंतील ओकच्या लाकडांत तो गंजतो. मुंबईच्या गोदींत वाडिया घराण्यानें १८१७ सालीं बांधलेली ‘त्रिंकोमली’ ही सागवानी युद्धनौका इंग्लंडांत हार्टलपूल येथें आजही तरंगत आहे, यांत नवल तें काय! फळ्यांना खांचा पाडून त्या एकमेकींत बसवीत व सांध्यांत तेल-राळेंत भिजविलेला कापूस ठोकीत. झांकणाची कड पेटीच्या कांठाबाहेर खालीं उतरलेली असे; त्यामुळें उडालेलें पाणी आंत शिरत नसे.

आमच्या तीर्थरूपांच्या पेटींत तांदूळ, तंबाखू व काड्यापेटी असे. १९७० सालीं सिडको स्थापन होऊन पुढें जमिनी संपादन होऊं लागल्या, तेव्हां शेताचे कागद त्यांनीं फडताळांतून काढून त्या पेटींत ठेविले. घराचें छप्पर गळे, पेटी गळत नसे. होडी केव्हांच मोडीत गेली. पेटी आमच्या माळ्यावर आहे. गतवर्षीं उघडली, तों सातबाऱ्याचा उतारा कोरडा निघाला. शाई मात्र फिकी झाली आहे.